काकांचं अंगण आणि सोलवटलेल्या पाठी

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ खोगीर नीट न बसण्यात आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. सापगावच्या या आमच्या काकांना कुणी सांगावं, की अमक्याची सून सासरी टिकत नाही, तर ते हातातलं दाभण थांबवून म्हणत, "आवळून बांधली आसंल." कुणाचा पोरगा दहावीला आपटला, तर "दप्तर एका खांद्याव घेतो तो. मी बघलंय. कसा पास व्हनार?" मी पाचवीत असताना सुट्टीत त्यांच्याकडे गेले, तर पहिल्याच दिवशी त्यांनी माझं दप्तर उसवलं आणि घोड्याच्या जुन्या पट्ट्यांनी नव्याने शिवलं. वाशिंदच्या शाळेत वर्षभर मला सगळ्या मुली 'टांगा' म्हणत होत्या. पण खांदा दुखायचा थांबला, हेही सांगायला हवं.

काकांची भातशेती होती आणि ती मावशी करायची. काका खोगिरं शिवायचे. आसनगाव स्टेशनवरून शहापूरला टांगे जात तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यांनी टांग्याचा साज शिवायची विद्या घेतली होती. मग टमटमा आल्या, टांगे बसले, आणि घोडे लग्नाच्या वरातींकडे वळले. काकांच्या मते अनर्थ तिथूनच सुरू झाला. टांग्याचा घोडा ओढायला शिकलेला, पाठीवर कुणाला घ्यायची त्याला सवय नाही. आणि घोडेवाले मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेतून मखमल आणि आरसे बघून खोगीर उचलणार. "चप्पल घेताना पाय घालून बघतंव," काका म्हणायचे, "नि घोड्याला मातर आरसं बघून."

खोगीर बसतं की नाही हे बघायची त्यांची एक रीत होती आणि त्या रीतीपायी मावशीचा तांदळाच्या पिठाचा डबा कधी जागेवर नसायचा. ते घोड्याच्या उघड्या पाठीवर पीठ भुरभुरवत, वर अलगद खोगीर ठेवत, दोन्ही हातांनी दाबत आणि सरळ वर उचलून उलटं करत. जिथे पीठ चिकटलं तिथे खोगीर टेकतं. दोन्ही बाजूंना सारखं चिकटलं तर काका खूश. पण मधे, कण्यावर, पिठाचा कणही हलता कामा नये. मग ते घोड्याच्या मागे जाऊन, लाथेची पर्वा न करता, वाकून खोगिराखालून आरपार बघत. "उजेड दिसला पायजे," ते म्हणत. "कण्यावरनं वारा जाया पायजे." मावशी चुलीजवळून ओरडायची, "वारा जाऊ दे, पीठ गेला त्याचं काय? घोड्याच्या पाठीव तांदळाचं पीठ नि आमाला नाचनीची भाकर!" काका शांतपणे उत्तर देत, "नाचनी चिकटत नाय गो."

लग्नाची आमंत्रणं त्यांना फारशी येत नसत, तरी एप्रिल-मे महिन्यांत ते पंचक्रोशीतल्या प्रत्येक वरातीत असत. नवरदेव कोण, नवरी कुठली, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. घोडा दिसला की सरळ पुढे जायचे आणि नवरदेवाच्या मांडीखाली हात सारायचे. नवरदेव दचकायचा, करवली किंचाळायची, आणि काका डोळे मिटून बोटांनी खोगिराखाली चाचपत राहायचे. वाशिंदला आमच्या चाळीतल्याच एका लग्नात त्यांनी भर रस्त्यात वरात थांबवली, नवरदेवाला बाशिंगासकट खाली उतरवून टपरीच्या बाकावर बसवलं आणि पोटाखालचा पट्टा सोडून सगळं पहिल्यापासून बांधायला घेतलं. बँडवाले एकच गाणं चौथ्यांदा वाजवत होते. मुहूर्त टळायला आला, तसा नवऱ्याचा मामा अंगावर आला. "ओ काका, लगीन पोराचं हाय का घोड्याचं?"

काकांनी मान वर केली नाही. "पोराचं एकदाच लागंल. घोड्याचं रोज लागतं."

मी शरमेने मैत्रिणींच्या मागे लपले होते. पुढे मला काकांमुळे नाही, तर काकांपुढे शरमायची वेळ येणार होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

काकांचा सगळ्यात अजब नियम त्यांच्या अंगणात चालायचा. कुणाच्या घोड्याची पाठ सोलवटली, की तो मालक पहाटे मागच्या ओढ्याच्या वाटेने घोडा घेऊन यायचा. काका जखम बघायचे. मग ते खोगीर मालकाच्याच पाठीवर बांधायचे आणि त्याला गुडघ्या-हातांवर अंगणाची एक फेरी मारायला लावायचे. वर बसायला शेजारची एक थोराड काकू हौसेने यायची. मिशीवाले, सोन्याची साखळी घातलेले, गावात ज्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नाही असे घोडेवाले त्या अंगणात रांगलेले मी बघितलेत. फेरी संपली की काका विचारत, "कुठं लागला?" मालक कण्यावर बोट ठेवायचा. "तितंच त्यालाबी लागतं." संपलं. पुढे शिव्या नाहीत, उपदेश नाही. घोडा पंधरा दिवस, महिना त्यांच्याकडे राहायचा, पाठ भरून यायची, आणि तोवर काका घोंगडीचे तुकडे आणि लोकर भरून खोगीर त्या एका पाठीच्या मापाने नव्याने करायचे. आणि घोडा कुणाचा होता, हे कुंपणाबाहेर कधीही सांगायचे नाहीत. मावशीलाही नाही. तोंडं झाकून यायची सोय होती, म्हणून लोक येत होते. मुरबाडपासून डोळखांबपर्यंतचे घोडेवाले येत होते. एवढी साधी गोष्ट कळायला मला फार वेळ लागला.

कारण मी तोवर कल्याणला कॉलेजात गेले होते आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका गटात शिरले होते. आम्ही आठ-दहा जण होतो, सगळे एकोणीस-वीसचे, आणि आम्हाला सगळं माहीत होतं. पत्रक कसं लिहावं हे तिथे मी शिकले. वर प्रश्न, खाली उद्गारचिन्हं, मधे गुन्हेगाराचं नाव. नाव नसलेलं पत्रक म्हणजे दात नसलेला कुत्रा, असं मीच एका बैठकीत म्हणाले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. साहजिकच काकांचं अंगण मला खटकू लागलं. मी त्यांना तोंडावर म्हणाले, "काका, तुम्ही गुन्हेगारांना पाठीशी घालताय."

"गुन्हेगार कोन गो?"

"घोड्याची पाठ सोलवटेपर्यंत जो त्याला राबवतो तो!"

काका सुईत दोरा ओवत म्हणाले, "तो घोडा घेऊन हितं आला ना? मग आता तो गिऱ्हाईक."

हे उत्तर मला भ्याडपणाचं वाटलं. स्पष्टच सांगते, काका मला तेव्हा थोडे बावळटही वाटायचे.

त्या हिवाळ्यात एका रविवारी मी मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन सापगावला गेले. अंगणात मुरबाडकडची एक पांढरी घोडी होती. तिच्या पाठीवर, बरोबर मधे, तळहाताएवढी जखम. तिचा मालक तिला पाठीवर काहीही न ठेवता, स्वतः बरोबरीने चालत, एवढ्या लांबून घेऊन आला होता, फेरीही मारून गेला होता. हे मला मावशीने सांगितलं आणि मी ते ऐकून सोडून दिलं. नाव मी शेजारच्या काकूकडून गोड बोलून काढून घेतलं. काका शेतावर गेले होते. मी चार फोटो काढले.

पंधरा दिवसांत पत्रक निघालं. गुलाबी कागद, वर ठळक अक्षरांत 'या निर्दयाला ओळखा!', मधे जखमेचा फोटो, खाली त्याचं नाव आणि गाव. शहापूरच्या एस.टी. स्टँडवर आणि म्हशाच्या जत्रेत ऐन घोडेबाजारात मी स्वतःच्या हाताने ते वाटलं. लोक घेत होते, वाचत होते, एकमेकांना दाखवत होते. मला वाटलं, जिंकलो.

एक प्रत मी काकांना दाखवायला नेली. शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू! काकांनी चष्मा लावला, मजकुराकडे बघितलंही नाही, फोटो मात्र उन्हाकडे धरून फार वेळ बघितला. "बरी व्हत व्हती गो ही," ते म्हणाले. "कडेनं गुलाबी कातडी धरलेली. हितं बघ." फोटो काळा-पांढरा होता. मला त्यात नुसता काळा डाग दिसत होता.

तेवढ्यात तो मालक आला. मागच्या वाटेने नव्हे, भर दुपारी समोरच्या रस्त्याने. हातात माझं गुलाबी पत्रक चुरगाळलेलं. मी ओटीवरून दाराआड सरले.

"काका, मागं तुमचं कुंपन दिसतंय फोटूत," तो म्हणाला. ओरडत नव्हता, तेच वाईट होतं. "मी तुमच्या अंगनात जनावरासारका रांगलो. माज्या बायकोला पन सांगला नाय. नि आता पोरं शाळंत माज्या पोरीला निर्दयाची पोर म्हनतात. वरातीच्या चार सुपाऱ्या परत गेल्या. कोनी काढला ह्यो फोटू?"

मला तोंड आहे. कॉलेजात, स्टँडवर, पोलीस चौकीत, कुठेही न घाबरता चालणारं तोंड आहे. 'मी काढला' हे दोन शब्द त्या दिवशी त्यातून निघाले नाहीत. मी दाराच्या कडीला धरून उभी राहिले.

"माज्या घरात निघाला," काका म्हणाले, "म्हंजी मीच काढला."

"तुमी काढाल का काका?"

"माज्या घरात निघाला ना? मग झाला तर."

त्याने गोठ्यातून घोडी सोडली. काका मागोमाग गेले. "पंदरा दिस खोगीर टाकू नको रे तिच्याव. पंदराच दिस." तो घोडी घेऊन गेला. नवीन खोगीर अर्धवट भरलेलं, दाभण तसंच टोचलेलं, ओटीवर राहिलं.

काका मला काही म्हणाले नाहीत. मावशी मात्र म्हणाली. "वाघीन झालीस ना गो? मग आता का दाराआड?"

मागची वाट त्यानंतर गवताने भरली. कुणीच येईना. काकांनी नवरदेवाच्या मांडीखाली हात घालायला पुढे व्हावं, तर घोडेवालेच त्यांना खांद्याला धरून बाजूला करू लागले. "काका, लांब. फोटू काढाल." आणि त्या मोसमात घोड्यांच्या अंगावर एक नवीच चीज दिसू लागली. जरीची, चमचम करणारी, पार गुडघ्यांपर्यंत लोंबणारी झूल. लोकांना वाटलं फॅशन आली. वाशिंदच्या एका वरातीत मी गर्दीत घुसून एका घोड्याची झूल उचलून बघितली. खाली काय होतं ते लिहीत नाही. पूर्वी ती जखम निदान एका माणसाला दाखवली जात होती. माझ्या पत्रकानंतर ती त्यालाही दिसेना.

मी काकांकडे जाऊन म्हणाले, "मी दुसरं पत्रक काढते. माफीचं. माझं नाव घालून."

"पुना छापतंस?" काकांनी एवढ्या घाबऱ्या चेहऱ्याने विचारलं, की मला हसू आणि रडू एकदमच आलं. "नको गो बाय. त्याचं नाव पुना लोकांच्या तोंडात."

मग आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. मी त्याला उंबऱ्यात उभी राहून सांगितलं, की फोटो मी काढला, काकांना ठाऊक नव्हतं, आणि ते अंगावर घेत होते तेव्हा मी दाराआड होते. त्याने ऐकून घेतलं. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं, हे शिव्यांपेक्षा जास्त लागलं. घोडी त्याने विकली होती. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही, आणि काकांनी विचारलं नाही. परतीच्या एस.टी.त काका म्हणाले, "तिचा डावा खांदा जरा उंच व्हता. नव्या मानसाला कोन सांगंल?"

दोन वर्षं अशीच गेली. मी गट सोडला नाही, पण पत्रकं लिहायची सोडली. सुट्टी मिळाली की सापगावला जायचे, लोकर पिंजून द्यायचे, घोंगडीचे तुकडे कापून द्यायचे. काका कुणी मागितलेलं नसताना खोगिरं भरत बसायचे. हात स्वस्थ राहत नाहीत म्हणायचे. मी एकदा विचारलं, की ही कुठल्या घोड्यांसाठी? तर म्हणाले, "येतील ना गो. पाठी का कुटं जातात?" आता काकाही राहिले नाहीत, आणि मावशी त्यांच्याविषयी बोलायला बसली की तीन वाक्यांत पिठावर येते. पण मला त्यांची आठवण येते ती त्या एका पहाटेची.

त्या दोन वर्षांनंतरची दिवाळी होऊन गेली होती. उजाडत होतं. मी ओटीवर चहा घेत होते आणि ओढ्याच्या बाजूने गवतात पावलं वाजली. माणसाची दोन, आणि त्यांच्यामागे जडशी, थांबत थांबत येणारी चार. काका उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि फार हळू, लहान मुलीला सांगावं तसं म्हणाले, "तू जरा आत जा गो."

मी आत गेले. मावशी भाकरी थापत होती, तिने पाट सरकवून दिला. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडते. मी खिडकीकडे पाठ करून बसले. बाहेर घोडा फुरफुरला, एक बकल सुटलं, आणि काकांचा खालच्या पट्टीतला आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

तो घोडा कुणाचा होता, मला माहीत नाही.