हात वर करणारा वर्ग

शाळेत संगणकाची खोली झाली की तिथं दोन गोष्टी साठायला लागतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ मी रोज सकाळी फडक्यानं पुसायचो. किस्से मात्र घरी गेल्यावर चार ओळींत लिहून ठेवायची सवय होती, म्हणून ते राहिले. संगणक केव्हाच भंगारात गेले, किस्से अजून चालू आहेत!

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली. सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवायचो. पुण्याच्या एका संस्थेनं खेड्यातल्या शाळांना पाच-पाच संगणक द्यायचे ठरवले. अट एकच होती. दर गुरुवारी नववीच्या पोरांनी इंटरनेटवरून पुण्याच्या केतकी मॅडमच्या वर्गात बसायचं. मॅडम तिकडून प्रश्न लिहिणार, तो आमच्या पडद्यावर उमटणार, पोरांनी खाली उत्तर लिहायचं. हिंगोलीला थोड्या दिवसांचं ट्रेनिंग होतं. जायला कोणी तयार नव्हतं, मी गेलो, म्हणून संगणकाचा मास्तर झालो. पुढचं सगळं मी त्या डब्यांकडून आणि पोरांकडून शिकलो.

*

संगणक आले ते नेमके नवरात्रात. आमचे हेडसर कदम सर शिस्तीचे आणि भाविक. म्हणाले, "खंडेनवमीला शेतकरी औताची पूजा करतो. आपलं औत हेच!"

खोलीबाहेर चपला निघाल्या. पाचही पडद्यांना कुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. तेवढ्यात गजानन नावाच्या आमच्या उचापती पोरानं कुठलंसं बटण दाबलं आणि एका डब्यातून सीडीचा ट्रे सरकत बाहेर आला. त्याच वेळी लाईट गेली. ट्रे जीभ काढल्यासारखा बाहेरच राहिला.

हेडसरांना वाटलं, कंपनीनं नैवेद्याची सोय केलेली दिसते. त्यांनी ट्रेवर पेढा ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. आरती सुरू झाली. आरती संपत आली तशी लाईट आली. गजाननचं बोट पुन्हा शिवशिवलं, त्यानं संगणक चालू केला आणि ट्रे पेढ्यासकट सर्रकन आत गेला.

हेडसरांनी डोळे उघडले. ट्रे नाही, पेढा नाही. माझा दंड धरून हळूच म्हणाले, "मास्तर, स्वीकारला!"

*

तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. शाळेत फोन एकच, तोही हेडसरांच्या टेबलावर. वर्ग चालू असताना कोणी रिसीव्हर उचलला की पुणं तुटायचं.

पहिल्या गुरुवारी लाईन लागली तसं मी खोलीतून ओरडलो, "सर, पुणं लागलं! आता फोनला हात लावू नका!"

पुणं लागलं म्हटल्यावर हेडसरांना कुठं राहवतंय? दोन शब्द बोलणं रीतीला धरून होतं. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. आतून ती खर्रर्र, किर्रर्र, घूंऽऽ अशी आरडाओरड. त्यांनी अदबीनं रिसीव्हर खाली ठेवला आणि खोलीच्या दारात येऊन म्हणाले,

"मास्तर, आज वर्ग राहू द्या. मॅडमचा घसा लईच बसलाय."

त्या दिवसापासून दर गुरुवारी लाईन जोडून दिली की मी हेडसरांच्या टेबलापाशी फोनवर पहारा करत बसायचो. पोरं खोलीत एकटी. ती आत काय करतात, हे मला पुढं बरेच दिवस कळलं नाही.

*

प्रत्येक पोराला स्वतःचा पासवर्ड ठेवायचा होता. मी बजावलं, "असा शब्द टाका की तुम्ही विसरणार नाही आणि दुसऱ्याला सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांच्या नावानं आत शिरून धुडगूस घालत होते! चौकशी केली तेव्हा कळलं, सगळ्या वर्गानं आपापल्या घरच्या बैलांची नावं टाकली होती. सर्जा, पाखऱ्या, मोरक्या, चांद्या. आमच्या गावात कोणाचा बैल कोणाला माहीत नाही?

फक्त संगीताचा पासवर्ड कोणाला सापडेना. ही संगीता तांड्यावरून शेताच्या बांधाबांधानं चालत शाळेत यायची. तिच्या घरच्या दोन्ही बैलांची नावं सगळ्यांनी टाकून पाहिली. काही उपयोग नाही.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तू काय टाकलंस?"

ती कानाजवळ येऊन म्हणाली, "शेजाऱ्याचा बैल, सर. आपलाच कशाला टाकायचा?"

पुढं एक दिवस गजानन आला. "सर, माजा पासवर्ड काढून टाका."

"काहून रे?"

"बैल इकला आमचा. तेच नाव दाबून आत जाऊ वाटत न्हाई."

"मग दुसरं टाक."

"दुसरा बैल आल्यावर टाकतो की. तवर मी संगीतापाशी बसतो."

*

संक्रांतीच्या सुमारास पुण्याहून ईमेल आला. भाषा गोड होती, मजकूर कडू. आपल्या शाळेतले विद्यार्थी आजवर एकदाही बोललेले नाहीत, त्यांना ह्या वर्गात रस दिसत नाही, होळीपर्यंत असंच राहिलं तर संगणक यादीतल्या पुढच्या शाळेला द्यावे लागतील. पुढची शाळा पुसेगावची.

हेडसर खुर्चीत बसले ते उठेचनात. "पुसेगाव! मास्तर, अर्धे पाव्हणे आहेत माझे तिथं. तोंड कसं दाखवू?"

मी खोलीत गेलो. पोरांना वाचून दाखवलं. सगळ्यांत आधी संगीताच उठली. "सर, पुसेगावला गेले तर मी काय करू? आमच्या तांड्यावरून तिकडं जीप बी न्हाई."

"मग उत्तरं का देत नाही तुम्ही?"

"देतो की सर!" सगळा वर्ग एकदम.

"कशी?"

"मॅडमनी प्रश्न लिवला की आमी सगळे हात वर करतो."

आमच्या शाळेत हेडसरांचा दंडकच तसा होता. हात वर करायचा, नाव घेतल्यावर उभं राहायचं, मगच तोंड उघडायचं. मधेच बोलला की छडी. पोरं संगणकासमोरही तेच करत होती. पडद्यावर प्रश्न उमटला की सगळे हात वर, आणि तास संपेपर्यंत वरच!

मी कपाळाला हात लावला. गजानन तक्रारीच्या सुरात म्हणाला, "पण सर, ह्या मॅडम बराबर न्हाईत. सारख्या दुसऱ्याच शाळेच्या पोरांना उठवतात."

*

हे हेडसरांना सांगितलं. त्यांनी पोरांना मैदानात उभं करून फर्मान काढलं, "येत्या गुरुवारी एकही लेकरू गप्प बसलं न्हाई पाहिजे! मॅडमला कळू द्या आपण आहोत म्हणून!"

पोरांनी हुकूम तंतोतंत पाळला. एकेक जण संगणकासमोर यायचा, इंग्रजी अक्षरांत 'हजर मॅडम' असं लिहायचा आणि मागच्याला जागा द्यायचा. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. तासभर पडद्यावर दुसरं काही दिसलंच नाही. बाकीच्या शाळांची उत्तरं आमच्या हजेरीखाली गाडली गेली.

शेवटी मॅडमनी लिहिलं, "सगळे आलात, छान. पण प्रश्न काय होता ते कोणी वाचलं का?"

त्यावर खाली लगेच उमटलं, "हजर मॅडम."

*

लिहून उत्तर द्या, असं मी बजावलं, पण मी फोनवर पहाऱ्याला गेलो की पोरांचे हात पुन्हा वर. त्यात लोडशेडिंग. गुरुवार कोरडा गेला की पोरं हिरमुसायची. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. संगणकांची रिकामी खोकी कोपऱ्यात पडली होती. ती कापून पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढले, सगळी अक्षरं जागच्या जागी. लाईट नसली की पुठ्ठे मांडीवर घेऊन टाईप करत बसायची. आवाज येत नाही म्हणून तोंडानं 'टक टक' करायची!

मी एकेक पुठ्ठा पाहत चाललो होतो. संगीताच्या पुठ्ठ्यावर खोडायच्या बटणाच्या जागी खरंखुरं खोडरबर चिकटवलेलं.

"हे काय गं?"

"चुकलं की हे दाबायचं, सर."

"पण पुठ्ठ्यावर तर काहीच उमटत नाही. खोडणार काय?"

"उमटत न्हाई, पण चुकतं तर खरं की!"

गजाननच्या पुठ्ठ्यावर एका कोपऱ्यात लाल रंगानं रंगवलेलं एक जास्तीचं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'लाईट'.

"आणि हे रे?"

"ह्ये मी अधूनमधून दाबून पाहतो, सर."

*

मग पुण्याहून गृहपाठ आला. 'आपल्या गावाविषयी मनानं लिहा, कल्पनाशक्ती वापरा.' पोरांनी आजवर मनानं काही लिहिलंय कुठं? सगळ्यांनी एकच निबंध पाठवला, गावाबाहेरून झुळझुळ वाहणाऱ्या नदीसकट.

मॅडमचं उत्तर आलं. "किती सुंदर नदी! होळीआधी मी स्वतः येतेय. संगणकांचंही तेव्हाच ठरवू."

हेडसर वाचून माझ्याकडं पाहायला लागले. "मास्तर, आपल्याकडं नदी आहे?"

"ओढा आहे, सर. पावसाळ्यात."

"होळीला काय दाखवायचं?"



*

मॅडम हिंगोलीहून जीपनं आल्या. वयानं लहान, चष्मा, पाठीवर पिशवी. आम्हाला वाटलं होतं त्याहून पोरसवदा. नेमकी लाईट गेलेली. पाच काळे पडदे, त्यांवर अजून कुंकवाचे डाग.

मॅडमनी वर्गाला विचारलं, "मी इतके दिवस तुम्हाला शिकवते. तुम्हाला त्यातलं काय आवडलं?"

सगळे हात वर!

मॅडम हसून वाट पाहत राहिल्या. वर्गही वाट पाहत राहिला. "अरे, बोला ना कोणीतरी!" कोणी बोलेना. संगीताचा हात तर इतका उंच की दुसऱ्या हातानं तिनं तो कोपरापाशी धरला होता.

शेवटी मॅडम तिच्याजवळ गेल्या. "तुझं नाव काय?"

"संगीता."

"बोल, संगीता."

ती ताडकन उभी राहिली. "मॅडम, आमी गुरुवारी बी असेच हात वर करतो. तुमी नावच घेत न्हाई."

"दर गुरुवारी?"

"व्हय. मग हात दुखून येतो."

मॅडमनी एकेकाला नाव विचारायला सुरुवात केली, आणि नाव घेतलं की पोरं बोलायला लागली. काय काय बोलली! पासवर्डचे बैल, विकलेला बैल, पेढा, बसलेला घसा. हेडसर खिडकीबाहेर पाहत उभे. पुठ्ठे निघाले. मॅडमनी गजाननचं 'लाईट'चं बटण दाबून पाहिलं.

गजानन समजूत घातल्यासारखा म्हणाला, "न्हाई येत, मॅडम. मी रोज दाबून राहिलो."

"बरं," मॅडम म्हणाल्या, "ती नदी कुठं आहे?"

हेडसर घसा साफ करून पुढं सरकले, तेवढ्यात संगीताचा हात वर गेला.

"बोल, संगीता."

"गाईडमधी, मॅडम."

*

मॅडमनी चहा घेतला, संगीताला विचारून तिचा खोडरबरवाला पुठ्ठा पिशवीत टाकला आणि संगणकांविषयी एक शब्द न बोलता जीपमध्ये बसल्या. संगीता जीप दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी उभी होती. हेडसर म्हणाले, "गेले, मास्तर. पुसेगाववाल्यांना म्हणावं, खोली झाडून ठेवा."

पुढचा गुरुवार आला. लाईट होती. मी लाईन जोडली. फोनची भीती नव्हती, कारण तो उचलणारा माणूस चपला काढून खोलीतच येऊन उभा राहिला होता. पोरं श्वास रोखून बसलेली. गजाननचं तोंडानं 'टक टक' चालू होतं, हेडसरांनी डोळे वटारले तसं तेही थांबलं.

पडद्यावर मॅडमचा प्रश्न उमटला. लिहून उत्तर द्यायचं, हे मी पोरांना आठवडाभर घोकून घेतलं होतं. सगळी ते क्षणात विसरली. सगळे हात वर!

मी ओरडणार, तेवढ्यात पडद्यावर दुसरी ओळ आली.

"संगीता, हात खाली घे आणि बोल."

वर्गात कोणी हललं नाही. हेडसर मात्र सावकाश खाली वाकले आणि टेबलाखाली कॅमेरा शोधायला लागले.