रिकाम्या खोल्यांनी अडवलेली जागा

आमचे भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लोकांची घरं हलवून देणं हा त्यांचा धंदा. एक टेम्पो, चार कामगार आणि तोंडात कायम एकच शब्द, ‘मावेल’. कपाट जिन्याच्या वळणावर अडून बसलेलं असतं, मालकीणबाई कपाळाला हात लावून उभ्या असतात आणि भाऊजी मान तिरकी करून म्हणतात, “मावेल.” आणि मावतंही, हाच खरा त्रास आहे. अशा माणसाला जागा संपली हे पटवायचं कसं?

जागा संपली होती ती इंटरनेटवरची. फोटो नि फायली ठेवायला आमच्या दोन घरांत मिळून एकच सामायिक साठा आहे. तो माझ्या नावावर आहे, त्यामुळे त्याच्या सगळ्या शिव्याही माझ्याच नावावर. कोणीही त्यात वाटेल ते टाकावं आणि साठा भरला की मला फोन करावा, “अगं, तुझं ते चालत नाहीये.” तुझं! मी दोनदा जागा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा वाढवणार नाही म्हणजे नाही, असं मी जाहीर केलं. या मंडळींना मी चांगली ओळखते. एक खोली जास्त दिली की एका खोलीचा पसारा जास्त करतील.

आणि नेमकी तेव्हाच भाचीला, ताईच्या लेकीला, जागा हवी होती. ती लहान मुलांच्या कार्यक्रमांसाठी हलती चित्रं करते. एका स्टुडिओनं नोकरी देण्याआधी नमुना मागितला होता. उडी मारायला घाबरणाऱ्या बेडकाची छोटीशी फिल्म तिनं केली होती. ती रविवारी दुपारी बाराच्या आत साठ्यात चढवायची आणि त्यांना लिंक धाडायची. शनिवारी सकाळी चढवायला गेली तर पाटी आली, जागा शिल्लक नाही. नवं खातं उघडून बघितलं, पण फुकटच्या खात्यात बेडकाचा एक पायही मावेना.

मी फर्मान काढलं, प्रत्येकानं आपापला पसारा आवरा. माझ्या नवऱ्याकडे निघाले वॉशिंग मशीनचे व्हिडिओ. मशीन एरवी खडखडतं आणि दुरुस्तीवाला आला की शहाण्यासारखं वागतं, म्हणून हा पुरावा. ताईकडे निघाले स्क्रीनशॉट. कशासाठी काढलेत ते तिला आठवेना, पण ‘लागतील गं कधीतरी’. माझ्याकडे दुकानांत आवडलेल्या नि न घेतलेल्या चपलांचे फोटो होते, त्यावर मी चर्चा होऊ दिली नाही. हे सगळं मिळून चिमूटभर. मग कुणी किती जागा अडवलीय ते भाचीनं शोधून काढलं आणि आम्ही सगळे एकदम भाऊजींकडे वळलो.

साठा रिकाम्या खोल्यांनी गच्च भरला होता. भाऊजींची कामाची रीतच तशी आहे. सामान टेम्पोत चढलं की घरात एक शेवटची फेरी मारायची, प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून फोटो काढायचा आणि मग दार ओढून घ्यायचं. मागे काही राहिलं नाही, याचा तो दाखला. हातात फोन आल्यापासून रिकाम्या केलेल्या सगळ्या घरांच्या सगळ्या खोल्या तिथं होत्या. भिंती, खिळे, कॅलेंडरच्या जागी उरलेला पांढरा चौकोन.

“भाऊजी, काहीही नसलेल्या खोल्यांनी आमची जागा खाल्ली! काढून टाका हे.”

“काढायचं कशाला? नीट लावलेलं नाही, म्हणून मावत नाही. मी बघतो.”

बघितलं त्यांनी. फायली आवळून बांधायची एक सोय असते, तिला झिप म्हणतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. भाऊजींना कोण आनंद! शनिवारभर बसून त्यांनी वर्षवार गठ्ठे बांधले, प्रत्येकावर नाव घातलं आणि साठ्यात मावले तेवढे रचून ठेवले. फक्त मूळ फोटो होते तिथंच राहू दिले. म्हणजे खोकीही टेम्पोत चढवली आणि खोक्यांतलं सामान पुन्हा सुटं चढवलं. शिवाय फोटो आवळून फारसे लहान होत नाहीत, हे गठ्ठे बांधून झाल्यावर कळलं. आम्ही मरमर करून मोकळी केलेली चिमूटभर जागाही गेली.

रविवारी सकाळी मी ताईकडे पोचले तेव्हा भाची रडकुंडीला आली होती. “बाबा, रिकाम्या खोल्यांना जागा आहे आणि माझ्या बेडकाला नाही?”

भाऊजी खाली बघत म्हणाले, “ती माझी अब्रू आहे गं. चार माणसं घेऊन मी परक्याच्या घरात शिरतो. उद्या कुणी म्हणालं, अमुक गेलं, तमुक राहिलं, तर मी दाखवू काय? शिट्टीबाईंचं काय झालं होतं?”

शिट्टीबाई आम्हाला तोंडपाठ आहेत. भाऊजी गिऱ्हाइकांचे नंबर सामानावरून लिहून ठेवतात, त्यातल्या या एक निवृत्त क्रीडाशिक्षिका. नव्या घरी सामान उतरल्यावर त्या म्हणाल्या, माझं स्टॉपवॉच आलं नाही, खिडकीच्या कडीला होतं. त्याच्यावर त्यांनी आयुष्यभर शाळेतल्या पोरांची धाव मोजली होती. भाऊजींनी कामगारांदेखत फोन त्यांच्यापुढे धरला, “ही तुमची खिडकी. दिसतंय काही?” बाईंनी निरखून बघितलं आणि म्हणाल्या, “माझंच चुकलं. माफ करा.” ही गोष्ट भाऊजींनी इतक्यांना सांगितलीय की आम्ही त्यांच्याआधी ‘माफ करा’ म्हणतो.

पण मुलीचा चेहरा बघून ते विरघळले. “ठीक आहे, काढतो. पण बघून काढणार. खोली बघितल्याशिवाय मी दार ओढत नाही.”

माझा पारा चढला. “बारा वाजतील भाऊजी! सगळं निवडा आणि एकदम उडवा!” ऐकतील तर भाऊजी कसले. भाचीच्या मोठ्या स्क्रीनसमोर बसून एकेका खोलीचा निरोप घेत राहिले. हा जिना बघ, पियानो इथून उतरवला. या घरातल्या आजींनी जाताना भिंतीला हात लावला होता. ताई शेजारी बसून ऐकत होती, भाची घड्याळ बघत होती आणि मी दात खात होते.

मग भाऊजी बोलायचे थांबले. स्क्रीनवर एक खिडकी होती. त्यांनी ती मोठी केली, आणखी मोठी केली. करड्या चौकटीवर करडी कडी, कडीला काळी दोरी आणि दोरीला काहीतरी वाटोळं. फोनच्या बोटभर स्क्रीनवर ते तिळाएवढं दिसलं असेल. इथं त्याचं बटणसुद्धा दिसत होतं.

माझ्या तोंडात शब्द तयार होते, पण भाऊजींचं तोंड बघून ते गिळले.

“एक फोन करतो,” ते म्हणाले.

“आत्ता?” भाची कळवळली.

“आत्ताच.”

भाऊजींचा फोन टेम्पोतल्या सवयीनं कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळं आम्हालाही ऐकू आलं. बाईंचा आवाज अजून मैदानावरचाच होता. “कोण? मावेलवाले का? बोला!”

“बाई, तुमचं स्टॉपवॉच खिडकीलाच होतं. फोटोत आहे. मला दिसलं नाही. मी ते मागे सोडून आलो आणि वर तुम्हालाच सगळ्यांसमोर...”

“मला दिसलं होतं.”

“काय?”

“तुम्ही फोन धरलात तेव्हाच. अहो, मैदानाच्या त्या टोकाला कोण लबाडी करतंय ते मला दिसायचं. दोरी दिसणार नाही?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमची पोरं तुमच्या तोंडाकडे बघत उभी होती. म्हटलं, जाऊ दे.”

“नंतर मिळालं का ते?”

“नाही मिळालं,” बाई म्हणाल्या. मग लगेच, “बरं, धंदा कसा चाललाय?”

धंदा बरा आहे, असं काहीतरी पुटपुटून भाऊजींनी फोन ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची फार दया आली आणि मघाच्या आरडाओरड्याची लाज वाटली. ताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“टाक सगळं काढून,” ते मुलीला म्हणाले. “गठ्ठ्यांसकट. हा एक सोडून.”

भाचीनं एका झटक्यात सगळं उडवलं, तरी जागा काही मोकळी होईना. “कचऱ्याची पेटी रिकामी कर,” भाऊजी म्हणाले. “कचरा दाराबाहेर ठेवला म्हणून गेला असं होत नाही.” ते बरोबर निघालं. बेडूक वेळेत चढला, लिंक गेली आणि पुढच्या आठवड्यात नोकरीचा होकारही आला.

त्या दुपारी मी साठा उघडून बघितला तर भाऊजींच्या फोल्डरमध्ये ती एकच खिडकी होती. माझ्यातली मेहुणी गप्प बसेना. “भाऊजी, सगळे चांगले दाखले उडवलेत आणि तुमची चूक तेवढी जपून ठेवलीत?”

“बाकीच्या खोल्यांत काही नव्हतंच,” ते म्हणाले. “त्या ठेवून काय करू?”