सहा फुटी बोर्ड

मोठ्या हॉस्पिटलमधली समुपदेशकाची नोकरी सोडताना वरिष्ठ डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, "तुझी खुर्ची सहा महिने रिकामी ठेवते. नाही जमलं तर लाजू नकोस, परत ये." बाई मायेनेच बोलल्या, पण ती रिकामी खुर्ची तिच्या मनात ठाण मांडून बसली. तिथे एका माणसाला दहा मिनिटं मिळायची. माणूस रडायच्या बेताला आला की शिपाई पुढचा नंबर पुकारायचा. परत तिथे तिला मुळीच जायचं नव्हतं.

बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर तिने खोली घेतली. खाली दातांचा दवाखाना. खोलीत दोन खुर्च्या, जरा तिरक्या मांडलेल्या, म्हणजे बोलणाऱ्याला खिडकीबाहेर बघता यावं. घड्याळ त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वेळ तिला दिसावी, त्याला टोचू नये.

आणि बाहेर बोर्ड. सासऱ्यांचा जन्म दुकानांचे बोर्ड रंगवण्यात गेलेला. हात कापायला लागल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला होता, तो सुनेसाठी पुन्हा उचलला. पंधरा दिवस खपून जाड फळीवर, दीड बाय सहा फूट, गडद निळ्यावर पिवळी अक्षरं काढली : 'मानसोपचार व समुपदेशन केंद्र'. पार चौकातून वाचता यायचं.

चार महिने झाले तरी आठवड्याला दोन-तीनच माणसं. बाकीचे फोनवर वेळ ठरवायचे आणि फिरकायचे नाहीत. आपल्यालाच काही येत नसावं, असं तिला वाटायला लागलं.

एका दुपारी खालचा दंतवैद्य जिना चढून वर आला.

"ताई, तुमची माणसं माझ्याकडे यायला लागलीत."

"म्हणजे?"

"आजचा तिसरा. गालावर हात धरून आला. बघतो तर दात ठणठणीत. तरी खुर्चीतून उठेना. मग हळूच विचारतो, वर जायला आतून रस्ता आहे का हो?"

ती कितीतरी दिवसांनी हसली. तो गेल्यावर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने एक बाई पिशवी सावरत बोर्डाखाली थांबली, वर बघितलं, डावीउजवीकडे बघितलं आणि सरळ फळवाल्याकडे वळली. म्हणजे माणसं येत होती. बोर्डापर्यंत येऊन परत जात होती.

"मी बोलू का बाबांशी?" रात्री सगळं ऐकून नवऱ्याने विचारलं.

"नको. माझं मलाच बोलायला हवं."

असं म्हणून तिने तीन आठवडे घालवले. लोकांना मनातलं बोलायला सांगणारी ती, घरी आली की तोंडाला कुलूप. सासरे रोज विचारायचे, "बोर्डावरची धूळ पुसतेस ना?"

"पुसते, बाबा."

"ती तिथे माणसं बघायला जाते की तुमचा बोर्ड पुसायला?" सासूबाई आतून म्हणायच्या.

सहा महिने संपायला पंधरवडा उरला, तेव्हा एका सकाळी तिने चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, बोर्ड उतरवायचाय."

त्यांनी चष्मा काढला. "अक्षर बिघडलं कुठे?"

"नाही, बाबा. फार छान आहे. लांबून वाचता येतं, तेच अडतंय. त्याच्याखालून जिना चढायचा म्हणजे अख्खी पेठ आपल्यालाच वाचतेय असं लोकांना वाटतं."

सासूबाईंनी गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"चाळीस वर्षं लोकांच्या नजरेत भरावं म्हणून रंगवत आलो," सासरे चष्मा पुसत म्हणाले. "भरू नये म्हणणारं गिऱ्हाईक तूच पहिली. कधी लक्षात आलं हे?"

"तीन आठवडे झाले."

"आणि तीन आठवडे धूळ पुसत बसलीस?"

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

त्याच दुपारी बोर्ड उतरला. बेलशेजारी तळहाताएवढी पाटी आली, तिच्यावर नुसतं तिचं नाव. दंतवैद्याने मागच्या बोळातलं, कायम बंद असणारं दार वर यायला उघडून दिलं. जाणारा आणि येणारा समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन माणसांमध्ये तिने पाव तासाचं अंतर ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात नऊ जण आले, आणि नवाच्या नवांनी जाताना पुढची वेळ मागितली.

तिने बाईंना फोन केला. "खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या, बाई."

"सुटलीस म्हणायची," बाई म्हणाल्या.

आता शेजारची खोलीही तिच्याकडे आहे, आणि तिथे तिच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी बसते. सासऱ्यांनी बोर्ड उलटा करून त्याला पाय ठोकले. दोन खोल्यांच्या मधल्या जागेत त्याचा बाक झाला आहे. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांची काठी त्याच्याखाली गेली. ती काढायला ते वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"अक्षर फार सुरेख आहे हो. कुणी काढलंय?"

कुणी विचारलं ते न सांगता तिने एवढंच संध्याकाळी घरी सांगितलं. सासऱ्यांनी नीट ऐकू आलं नाही म्हणून तिला ते दोनदा सांगायला लावलं.