आंधळ्याच्या खोलीतला कंदील

माझ्या बाबांनी अकरा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या दहा आज कुठल्या रद्दीत असतील देव जाणे. एक मात्र चालली, आणि ती माझ्यामुळे चालली, असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे.

त्या कादंबरीत एका आंधळ्या म्हाताऱ्याचा खून होतो. त्या संध्याकाळी तो खोलीत एकटाच होता, असं घरातले झाडून सगळे शपथेवर सांगतात. पण बाबांच्या गुप्तहेराला कोपऱ्यात कंदील दिसतो. काच काजळीनं काळी झालेली. आंधळ्याला कंदील कशाला लागतो? म्हणजे कुणीतरी डोळस माणूस तिथं तास न् तास बसलेला होता. झालं, तिथून पुढे एकेकाचं पितळ उघडं पडत जातं. "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर" हे त्या गुप्तहेराचं पेटंट वाक्य. आमच्या गावात पोरं ते एकमेकांना ऐकवायची.

तो कंदील माझा. मी सात वर्षांची होते. विदर्भातल्या आमच्या गावात वीज म्हणजे पाहुणी, आली तर आली. कंदिलाच्या काचा राखेनं पुसायचं काम माझ्याकडे. बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचे. एकदा ते आईला नवीन प्रकरण वाचून दाखवत होते. त्यात चुकून आंधळ्याच्या खोलीत कंदील आला. मी काच पुसता पुसता विचारलं, "बाबा, आंधळ्या आजोबांना कंदील कशाला?" बाबांनी कागद खाली ठेवले, मला उचललं आणि ओरडले, "सापडला! खुनी सापडला!"

हे सगळं मला स्वच्छ आठवतं. राखेची चरचर, काचेत अडकलेलं बोट, बाबांच्या बनियनचा वास. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ही गोष्ट मिळायची. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं: "माझ्या लेकीस, जिनं मला कंदील दाखवला."

मी अभ्यासात यथातथा, दिसायला बेताची, गळा तर विचारूच नका. पण हे एक माझं होतं. २००१ मध्ये नवऱ्याच्या मागोमाग न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आले, तेव्हा तर ते फारच माझं झालं. मी त्याच्या व्हिसावर, त्याच्या इन्शुरन्सवर, टपालात माझ्या नावाचं एक पाकीट येईना. काम करायला बंदी. तो सकाळी ट्रेननं न्यूयॉर्कला जायचा आणि मी खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायची. जो तो घरून एक पदार्थ आणतो त्या पॉटलकच्या जेवणात इथल्या बायका "तू काय करतेस?" असं विचारायच्या. मी हमखास बाबांच्या कादंबरीवर गाडी नेऊन कंदिलाची गोष्ट सांगायची. माझ्याकडे दुसरं होतं काय?

वेळ जावा म्हणून मी वीस मिनिटांवरच्या एका जुन्या गावातल्या लायब्ररीत फुकट मदतीला जाऊ लागले. तिथं एक कपाट गावच्या लेखिकेचं होतं. तिची ओळख मला तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी करून दिली. त्यांना मी तोंडावर नावानं हाक मारायची, मनात मात्र मावशी म्हणायची. ही लेखिका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेत रहस्यकादंबऱ्या लिहायला लागलेल्या पहिल्यावहिल्या लोकांपैकी. घरात लिहायला स्वतंत्र खोली नाही म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून लिहायची. बाईचं नाव बघून कुणी पुस्तक उघडणार नाही म्हणून प्रकाशकानं नुसती आद्याक्षरं छापली. लोक तिला "प्रिय महाशय" म्हणून पत्रं पाठवायचे. लिहिणारी बाई आहे हे फुटलं, तेव्हा लोक म्हणाले की हे तिच्या वकील भावानं लिहून दिलं असणार. बाईला कायदा काय कळतो! तिनं वाद घातला नाही. पुढची कादंबरी लिहिली, मग त्याच्या पुढची. दोन मुलं पुरली, तरी लिहीत राहिली. म्हातारपणी मारामारीच्या कथांचे दिवस आले आणि तिचं कुणी वाचेना. आता ती या कपाटात होती, आणि वर्षावर्षात तिला कुणी हात लावत नव्हतं.

२००६ च्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकानं कंदिलाची कादंबरी पुन्हा छापायला घेतली होती, आणि बाबांनी तिची प्रुफं बॅगेतून आणली होती. दुपारी मी मोठ्यानं वाचायची, बाबा जुन्या प्रतीत बोट ठेवून ऐकायचे, चूक सापडली की लाल पेन सरसावायचे. बर्फ पडून रस्ते बंद होते तेवढे दिवस आमचे बरे गेले. एरवी बाबा आईशिवाय अगदी उघडे पडल्यासारखे दिसायचे. रिकामं बसवत नाही म्हणून टॉवेलांच्या घड्या घालणं त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

डिसेंबरच्या शेवटी लायब्ररीत लेखिकेच्या वस्तू मांडायच्या ठरल्या. मावशींनी मला तिचा दिवा पुसायला दिला. रॉकेलचा, उंच काचेचा. मी फडकं घेतलं आणि आपसूकच माझी गोष्ट सुरू झाली. सात वर्षांची मी, आंधळे आजोबा, कंदील कशाला. मावशी ऐकता ऐकता उठल्या. मग कपाटातून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "हे तू वाचलंयस का? यात अगदी असंच आहे."

मी ते घरी आणलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. आंधळा म्हातारा होता. शपथा खाणारं घर होतं. काजळलेली काच होती. बाबांच्या कादंबरीतला घोड्याचा मोतद्दार तिथं कोचमन होता, बाबांची विधवा आत्या तिथं विधवा आत्याच होती. नुसतं अंगडं-टोपडं बदललेलं, पोर तेच.

मी तशी तापट. पण त्या दिवशी मला आधी रागच आला नाही, भीती वाटली. कंदील जर हिचा, तर मला आठवतं ते काय आहे? मावशींना फोन करून विचारलं, हिला ते सुचलं कसं? त्या म्हणाल्या, लेखिकेचे वडील आंधळे होते. रोज संध्याकाळी ती त्यांना वाचून दाखवायची. त्यांच्या खोलीत दिवा लागायचा तो तिच्यासाठी. तू पुसलास तोच दिवा.

म्हणजे मुलगी होती. बाप होता. फक्त ती मी नव्हते.

राग मग आला आणि तीन आठवडे मुक्कामाला राहिला. पुस्तक मी घरातल्या लाँड्रीच्या खोलीत टॉवेलांच्या गठ्ठ्याखाली लपवलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "सोड ना यार. तेव्हा सगळेच कॉपी करायचे. आधारित म्हणायचं आणि मोकळं व्हायचं." पण बाबांनी "आधारित" तरी कुठं म्हटलं होतं? त्यांनी मला पुढं केलं होतं. सात वर्षांच्या पोरीला साक्षीला उभं केलं होतं! दुपारची प्रुफं मात्र चालूच राहिली. मी वाचत होते आणि प्रत्येक पानाला वाटायचं, आता बोलतील, आता बोलतील. बाबा काना-मात्रा सुधारत होते.

संक्रांतीला मराठी मंडळानं बाबांचा सत्कार ठेवला. शाळेचा हॉल, रविवारची दुपार, तिळगूळ, शाल, श्रीफळ. बाबा बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता कंदिलाशी येऊन थांबले. एकदम खाली बसले. निवेदिका हुशार, तिनं माइक माझ्या हातात दिला. "कंदीलवाली मुलगी आपल्यातच आहे, टाळ्या!" सगळे काका-काकू माझ्याकडे बघत होते. बाबा मान खाली घालून नारळाची शेंडी चाचपत होते. मी गोष्ट सांगितली. राखेसकट, बनियनसकट, सगळी. लोक म्हणाले, किती छान सांगतेस गं.

परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो. बाबा म्हणाले, "टॉवेलांखालचं पुस्तक मी पाहिलंय."

मी ब्रेक जरा जोरातच दाबला.

"मला वाटलं, आज स्टेजवर तू सांगशील. मी तयारीनंच गेलो होतो."

"मी? मी का सांगायचं?" मी जी सुटले ती सुटलेच. "तुम्हाला तोंड नव्हतं? तीस वर्षं चहाबरोबर लोकांना खोटं पाजलंत. मलासुद्धा पाजलंत!"

"धीर झाला नाही," बाबा म्हणाले. मग सांगू लागले. मिशनच्या दवाखान्याच्या रद्दीत ते पुस्तक सापडलं होतं. कव्हर फाटलेलं, आत नुसती आद्याक्षरं. मेला असेल बिचारा कधीच, त्याला कुठं कळणार आहे, असं वाटलं.

"बिचारा नाही. बाई होती ती."

"बाई?" बाबा माझ्याकडे वळूनच बसले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. जिन्याची पायरी, "प्रिय महाशय", वकील भाऊ, आंधळे वडील आणि त्यांच्या खोलीतला दिवा. ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे तिच्याच्यानं हे झालं नसेल असं लोक म्हणाले, आणि मी तर..." अर्ध्या वाटेवर म्हणाले, "तिला पुरलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तिथं नेलं. चर्चच्या मागे छोटंसं दफनभूमीचं आवार, गुडघाभर बर्फ. मी हातानं बर्फ झाडून दगडावरचं नाव मोकळं केलं. बघते तर बाबा बूट काढतायत.

"बाबा, अहो बोटं गळून पडतील! इथं कुणी बूट काढत नाही."

त्यांनी ऐकलं नाही. मोजे घालून त्या बर्फात उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, चुकलं माझं." मराठीतच म्हणाले. मी त्यांचा दंड धरून उभी राहिले. माझा राग तिथंच ओसरला, आणि त्याच्या जागी काही आलं नाही.

घरी आल्यावर पाय शेकून झाले आणि बाबांनी प्रुफांचं पहिलं पान मागितलं. लिहायला मला बसवलं. सांगू लागले, "या कादंबरीचं कथानक आणि कंदिलाची कल्पना माझी नाही. ती अमेरिकेतल्या एका लेखिकेची आहे. हे मी पहिल्याच आवृत्तीत सांगायला हवं होतं." मग म्हणाले, "खाली तिचं नाव घाल. पूर्ण घाल, आद्याक्षरं नकोत." मी घातलं.

"आणि ती अर्पणपत्रिका काढ."

माझा हात थांबला. "ती राहू द्या."

"अगं, कशी राहील? कंदील तिचा म्हणायचं आणि खाली लेकीनं दाखवला म्हणायचं?"

"मी खरंच विचारलं नव्हतं, बाबा? मला आठवतंय ना. मी काच पुसत होते."

बाबांनी चष्मा काढला. "तू त्या उन्हाळ्यात आजोळी होतीस. आईबरोबर. दोन महिने. घर खायला उठायचं मला. ते पुस्तक पुढ्यात घेऊन बसायचो आणि मनात म्हणायचो, पोरगी असती तर इथं काय विचारलं असतं तिनं? तेच लिहीत गेलो. तुम्ही परत आलात तोवर ते तूच विचारलंस असं मला पक्कं वाटायला लागलं होतं. आणि एकदा सांगितलं, मग सांगतच गेलो."

"मग तसं लिहू. पण ओळ राहू द्या. प्लीज." तीन आठवडे ज्या चोरीवर मी दात-ओठ खात होते, तिच्यातला माझा वाटा मी हातापाया पडून मागत होते. मला लाज वाटली, पण मागत होते.

"बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर," बाबा हळूच म्हणाले आणि लाल पेन माझ्या हातात दिलं.

मी माझ्या ओळीवर रेघ मारली. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन रेघ नीट आलीय का पाहिलं आणि पाकिटात घातला. ते उन्हाळ्याच्या आधी परत गेले. पुस्तक २००८ मध्ये निघालं, तोवर बाबा राहिले नव्हते.

प्रकाशकानं मला दोन प्रती पाठवल्या. एक मी लायब्ररीत नेली. मावशींनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, पहिलं पान उघडून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"तुमच्या बाईंचं नाव आहे," मी म्हटलं.

"आणि तुझं? कंदील दाखवणारी मुलगी?"

"माझं नाही," मी म्हटलं, आणि तिच्या कपाटात तिच्या पुस्तकांच्या शेजारी बाबांचं पुस्तक ठेवायला जागा केली.