गुलाबी स्नायू, जांभळी बोटं

सुरतच्या आमच्या लॅबमध्ये स्नायूचे तुकडे तपासायला येतात. त्यात जंताची अळी क्वचितच सापडते, किस्से मात्र रोज! अळी बाटलीत बंद करता येते, किस्से सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

तुकड्याचा पातळ काप काचेवर घ्यायचा, आधी जांभळ्या रंगात बुडवायचा, मग गुलाबी रंगात. स्नायू गुलाबी होतो आणि अळी उठून दिसते. हे काम योगेशचं. इथल्याच नवागामचा गडी, आधी कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होता. पहिल्याच आठवड्यात त्याने काचा इतक्या बुडवल्या की सगळं एकजात राणी कलर!

आमच्या डॉक्टर मॅडम वैतागल्या, "योगेश, यात मला वेगळं काय दिसणार?"

"काहीच नाही मॅडम!" योगेश छाती फुगवून म्हणाला. "पूर्ण लॉट एकाच शेडमध्ये काढलाय!"

*

मॅडम जैन. दिवसभर मायक्रोस्कोपखाली मांस बघतात, पण माझ्या डब्यात बटाटा दिसला की खुर्ची लांब सरकवतात. मी एकदा छेडलंच. शांतपणे म्हणाल्या, "जोवानुं अलग, खावानुं अलग!" बघायचं वेगळं, खायचं वेगळं.

*

योगेश मुलगी बघायला गेला तेव्हाही बोटं जांभळीच. मुलीचे वडील मिलमध्ये कलर मास्टर. "कोणता रंग हा? साबणाने जात नाही? किती वेळ बुडवता?" तासभर हेच चाललं. शेवटी मुलगीच कप उचलत म्हणाली, "पप्पा, माझ्याबद्दल पण काहीतरी बोला!"

आता ती योगेशच्या डब्यातून आम्हालाही शेवभाजी पाठवते. मॅडमना बिनकांद्याची.

*

सुशीलाबाई मूळच्या खान्देशच्या, घरी साड्यांवर टिकल्या चिकटवतात. दंडात गाठ आली आणि बाईंनी कॅन्सरच धरला. तुकडा घेऊन त्या स्वतःच आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा बघून आम्हीही धास्तावलो होतो.

मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ओरडल्याच, "अरे, आ जो! हे बघा!" गुलाबी स्नायूत मस्त गुंडाळी करून बसलेली अळी! कॅन्सर नाही, औषधोपचार आहेत. मला इतका आनंद झाला की फोन मीच केला.

दुसऱ्या दिवशी बाई पेढे घेऊन हजर, सोबत सून. "माले दखाडा ती अळी!"

योगेशने काच लावून दिली. बाईंनी बराच वेळ बघितलं, मग कपाळावर हात मारला.

"एवढुशी शे का हाई? आन् हिन्हासाठे मी मन्ही सोनानी पोत सुनले दी टाकी!"

सुनेने गळ्यातली पोत हळूच पदराखाली सारली.

"मॅडम," ती म्हणाली, "एकदा दुसऱ्या लॅबमध्ये पण दाखवू या का?"