अंगाबरोबर बसलेली वर्दी

टेलरबाईंना ढगळ कपडा बघवायचा नाही. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी त्यांचं लक्ष नवरदेवाच्या खांद्याच्या शिवणीवर, आणि घरी येईस्तोवर तो कोट शिवणाऱ्याचा उद्धार. नवरा गेल्यावर याच चोखंदळपणावर त्यांनी दुकान चालवलं, एकुलता लेक वाढवला. त्याच सवयीने त्यांचा घात केला.

लढाई सुरू झाली, लेक फौजेत गेला आणि आजारी रजेवर परत आला तो निम्मा होऊन. संध्याकाळ झाली की ताप चढायचा, खोकताना बरगड्या धरून बसायचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं, पण त्यांचा शब्द लष्करात चालत नव्हता. लष्करी इस्पितळाने अपात्र ठरवलं तरच सुटका. त्या तपासणीची तारीख मिळवायला बाईंनी नको नको त्या खिडक्यांपुढे हात जोडले.

आदल्या दुपारी लेकाने वर्दी चढवून बघितली. खुंटीला अडकवल्यासारखी लोंबत होती.

"आई, साहेबांपुढे असा गबाळा जाऊ?"

बाईंनी टाचण्या ओठांत धरल्या. दोन्ही कुशींना शर्ट दाबला, पँट कमरेत घेतली. कापड मात्र कापलं नाही, शिवणीच्या आत राखून ठेवलं. "अंग भरलं की उसवून सैल करू," म्हणाल्या आणि वर कडक इस्त्री फिरवली. लेक आरशात बघून हसला. बाईंना वाटलं, निम्मं दुखणं पळालं.

इस्पितळात रांग दाराबाहेर गेली होती. एक्स-रेचं यंत्र आघाडीवर नेलेलं, वजनकाटा बिघडलेला, आणि तपासणी सकाळची, ताप उतरलेला असतानाची. नळी छातीला लागते न लागते तोच डॉक्टर नजरेने निकाल लावत होते. लेकाच्या पुढचा जवान दोघं मावतील अशा वर्दीत उभा होता. त्याला अपात्र ठरवून घरी धाडलं.

"वजन घटलंय म्हणता?" डॉक्टरांनी लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वर्दी तर अंगाबरोबर बसलीय."

बाई पुढे सरसावल्या. "साहेब, ती मी काल दाबली. शिवणकाम करते मी. उलटून बघा, आत कापड आहे."

"बाई, इथे प्रत्येक आई काहीतरी सांगते." डॉक्टर चिडले नव्हते, नुसते थकले होते. "हलकं काम देतील त्याला. पुढचा."

बाईंनी कात्रीसाठी पिशवीत हात घातला. शिवण तिथेच उसवून दाखवणार होत्या. लेकानेच त्यांचा हात धरला. "चल आई, माणसं खोळंबलीत."

तो छावणीकडे परत निघताना बाईंनी त्याच्या खिशात सुई-दोरा ठेवला. "अंग भरलं की उसव," म्हणाल्या. टाके घालणं-उसवणं तो लहानपणीच त्यांच्या मशीनपाशी बसून शिकला होता.

हिवाळा सरायच्या आत त्याच्या सामानाचं बोचकं घरी आलं. छावणीच्या दवाखान्यात वारला, असं आणणाऱ्याने सांगितलं.

बाईंनी वर्दी उलटी केली. त्यांच्या मशीनच्या टिपेच्या आत आणखी एक शिवण होती, हातानं घातलेली, वेडीवाकडी. आणखी वाळल्यावर लेकाने वर्दी स्वतःच पुन्हा दाबून घेतली होती.

त्यांनी कात्री घेतली आणि आपली टीप सगळी उसवून टाकली. त्याची शिवण तशीच ठेवली.