तीस फुटांवरची ओरड

लेक विमान चालवायला शिकायला हैदराबादला गेली, आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर, त्यातला विमान उडवायचा खेळ आणि त्याचा दांडा अंबाजोगाईच्या घरात ठेवून गेली. मी शाळेत भूगोल शिकवते. त्या दांड्यावरची धूळ पुसण्यापलीकडं माझा त्याच्याशी संबंध नव्हता.

मग एका दुपारी तिचा फोन आला. प्रवासी विमानाच्या चाचणीत हातानं उतरवताना तिनं विमान आपटलं होतं. खरं नव्हे, तिथल्या सरावाच्या यंत्रातलं नकलीच. पण नापास ते नापास. आता एकच संधी, पंधरा दिवसांनी. ती हुकली की विमान कंपनीत मिळालेली नोकरी गेली. हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. भाजी करपायची, वह्या तपासायच्या राहायच्या. शेवटी शाळेतून आले की मी कॉम्प्युटर लावून बसायला लागले. पोरगी चुकते कुठं ते बघावं तरी, म्हटलं. विमान आपोआप उतरतं ती सोय बंद केली. जमीन जवळ आली की आतला आवाज उंची मोजतो, पन्नास, चाळीस, तीस. तीस फुटांवर दांडा अलगद मागं घ्यायचा, नाक जरासं उचलायचं, की चाकं टेकतात. एवढंच! पण मला शंभरावरच घाम फुटायचा. मी दांडा ओढायचे, विमान धावपट्टीवर तरंगत राहायचं, वेग संपायचा आणि धाडदिशी आदळायचं.

नवरा चहा घेऊन दारात उभा राहायचा आणि विचारायचा, पायलटीणबाई, आज किती जण गेले? मी त्याच्याकडं खाऊ का गिळू असं बघायचे. आठवडा झाला तरी तेच. मग एकदा तो हसला नाही.

"तू उतरताना वरडतीस, माहीत हाय का? ओढ, ओढ, म्हणून. पोरीला स्कूटी शिकवताना बी अशीच वरडायचीस."

खरं होतं ते. मेडिकल कॉलेजच्या ग्राउंडवर मी तिच्या मागं पळायचे. खड्डा लांब असतानाच ब्रेक मार, ब्रेक मार, म्हणून गळा काढायचे. ती बिचारी ब्रेक दाबायची आणि खड्ड्याच्या कितीतरी अलीकडं आडवी व्हायची. वर बोलणी तिलाच. तिला फोन करून विचारलं, दांडा कधी ओढतेस? म्हणाली, सर म्हणतात लई लवकर. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पदर दातांत धरून बसले. तीस ऐकू येईपर्यंत हात हलवला नाही. विमान टेकलं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. जपून, हळू, घाई करू नको, सगळं ओठांवर आलं होतं. मी पुन्हा पदर दातांत धरला. मग सोडून एवढंच म्हणाले, "तुला येतंय."

चाचणीच्या दिवशी स्टाफरूममध्ये मी नुसत्या येरझारा घातल्या. डबा तसाच राहिला. चारला फोन वाजला. पास झाली होती.

"आई," ती म्हणाली, "आज उतरताना माझ्या कानात तू वरडलीच न्हाईस."

म्हटलं, घसा बसलाय माझा. आणि खरंच बसला होता.